उजळणी कीं घोकणी ?

‘उजळणी’ या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ पूर्वीपासून नांदत आले आहेत. एक अर्थ स्वयंपाकघरांतला : काळवंडलेला पितळी तांब्या चिंचेनें घांसावा, वरचा मळ काढावा आणि मूळचा धातु पुन्हां झळकूं द्यावा. दुसरा अर्थ पंतोजींच्या शाळेंतला : पावकी, निमकी, दिडकी रोज सायंकाळीं एका सुरांत म्हणावी आणि ती जिभेवर इतकी रुळवावी कीं, झोपेंतून उठवून विचारलें तरी उत्तर चुकूं नये. दोन्ही कामें उपयोगाचीं आहेत. पण कोणत्या ठिकाणीं कोणतें काम करावयाचें हा विवेक सुटला म्हणजे अनर्थ होतो. आणि आमच्या शाळांतून व घरांतून पदार्थविज्ञानाची, विशेषतः गति व बल या प्रकरणाची, परीक्षेपूर्वीं जी उजळणी चालते तिच्यांत हा विवेक साफ सुटला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. जेथें घांसण्याची जरूर आहे तेथें आम्ही नुसते म्हणत बसलों आहों. मळ जसाच्या तसा राहतो आणि त्याच्यावर सूत्रांचा मुलामा चढतो.

हें विधान कोणास कडू वाटेल. म्हणून ही उजळणी प्रत्यक्षांत कशी होते तें प्रथम पाहूं. महाराष्ट्रांतील नवव्या इयत्तेच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा आरंभच गतीच्या नियमांनीं होतो. विस्थापन, चाल, वेग, त्वरण, जडत्व, संवेग अशी परिभाषेची एक मोठी वरात मुलाच्या दारांत एकदम येऊन उभी राहते. घटक चाचणी चार दिवसांवर आली कीं घरांत धांदल उडते. मोबाईल कपाटांत जातो, बाजारांतली मार्गदर्शिका बाहेर निघते, आणि व्याख्या, एककें, ‘फरक स्पष्ट करा’, ‘शास्त्रीय कारणें द्या’ या क्रमानें पाठांतर सुरू होतें. गणितांकरितां एक सुप्रसिद्ध त्रिकोण आहे : बल वर, वस्तुमान व त्वरण खालीं. विचारलेली राशि बोटानें झांकावी. उरलेल्या दोहोंचा गुणाकार करावयाचा कीं भागाकार, तें आपोआप दिसतें. या त्रिकोणाचा मोठा गुण असा कीं, तो वापरतांना बल म्हणजे काय हें ठाऊक असण्याची यत्किंचितहि गरज पडत नाहीं. आणि त्याचा मोठा दोषहि तोच.

पाठांतराचे आम्ही शत्रु नाहीं. ‘सात नवे त्रेसष्ट’ हें मुलानें पाठच केलें पाहिजे. कारण त्या जागीं त्याच्या मनांत आधीं कोणी राहत नसतें. सात नवे अठ्ठावन्न असावेत असा कोणत्याहि मुलाचा जन्मजात आग्रह नसतो. तेथें रिकामी खोली आहे. सामान नेऊन ठेवलें कीं काम झालें. गतिशास्त्राची गोष्ट अगदीं निराळी आहे. पायांवर उभें राहूं लागल्यापासून मूल वस्तू ढकलीत, ओढीत, फेंकीत आलेलें असतें. ढकलणें थांबविलें कीं पाट थांबतो; पायडल मारणें सोडलें कीं सायकल मंदावते; दगड धपकन् पडतो आणि पीस तरंगत येतें. या अनुभवांवरून त्यानें आपलें शास्त्र केव्हांच रचलेलें असतें : गति हवी तर बल हवें, बल संपलें कीं गति संपते, जड वस्तु लवकर पडते, मोठा लहानास जितक्या जोरानें ढकलतो तितक्या जोरानें लहान मोठ्यास ढकलूं शकत नाहीं. न्यूटनचे नियम येतात तेव्हां खोली रिकामी नसते. तिच्यांत जुना, हक्काचा, दहा-बारा वर्षांचा भाडेकरू असतो. आणि केवळ दारावरची पाटी बदलल्यानें तो घर सोडून जात नाहीं.

या भाडेकरूला मूर्ख म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. फेंकलेला दगड हातांतून सुटल्यावरहि पुढें कां जातो, हा प्रश्न अरिस्टॉटलसारख्या ग्रीक महापंडितास पुरून उरला होता. गति टिकवावयास कांहीं तरी ढकलणारें पाहिजेच, असें त्याचें मत होतें. इसवी सनाच्या सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनें त्या मतावर कठोर आक्षेप घेतले. चौदाव्या शतकांत पॅरिसच्या ब्युरिडाननें अशी उपपत्ति मांडली कीं, फेंकणारा वस्तूच्या ठायीं एक प्रेरणा सांठवून देतो आणि तिच्या जोरावर ती पुढें जाते. गॅलिलिओचा गतीवरचा शेवटचा ग्रंथ १६३८ सालीं छापला गेला, आणि न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ सालीं बाहेर पडला. म्हणजे जी समजूत टाकावयास मनुष्यजातीच्या उत्तमोत्तम बुद्धीला सुमारें दोन हजार वर्षें लागलीं, ती चौदा वर्षांच्या मुलानें आठ तासिकांत आणि एका रविवारच्या उजळणींत टाकावी अशी आमची अपेक्षा आहे ! वर्गांतील हुशार मूल बहुधा ब्युरिडानपर्यंत येऊन थांबलेलें असतें. त्याला तेथून पुढें नेण्याचें सोडून आम्ही त्याच्या हातीं त्रिकोण देतों.

एक साधें उदाहरण घेऊं. सेकंदास १९.६ मीटर वेगानें चेंडू सरळ वर फेंकला. तो किती वेळानें थांबेल आणि किती उंच जाईल? गुरुत्वीय त्वरण ९.८ धरून कोणतेंहि बरें मूल चार ओळींत सांगेल कीं, २ सेकंदांनीं, आणि १९.६ मीटर. उत्तर अचूक, पैकींच्या पैकीं गुण. आतां त्याच मुलास विचारा : बाळ, चेंडू हातांतून सुटल्यावर, वर जात असतांना, त्याच्यावर कोणकोणतीं बलें काम करीत असतात ? बहुतेक मुलें सांगतील : वरच्या दिशेनें हाताचें बल आणि खालच्या दिशेनें गुरुत्वाकर्षण, हाताचें बल हळूहळू कमी होत जातें, टोंकाशीं दोन्ही समान होतात म्हणून चेंडू क्षणभर थांबतो, आणि मग गुरुत्वाकर्षण जिंकतें. किती सुंदर कथा, आणि किती साफ खोटी ! हात सुटला त्याच क्षणीं हाताचें बल संपलें. हवेचा किरकोळ विरोध सोडला तर वर जातांना, टोंकाशीं आणि खालीं येतांना चेंडूवर एकच बल आहे, तें खालीं ओढणारें. टोंकाशीं वेग शून्य असला तरी त्वरण ९.८ च आहे. तेंहि शून्य असतें तर चेंडू तेथेंच अधांतरीं लटकत राहिला असता. गंमत अशी कीं, मुलानें गणित करतांना त्वरण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखें धरलें, त्याचा अर्थ हाच होता. त्याच्या हातानें न्यूटन लिहिला आणि मनानें ब्युरिडान जपला. आणि तपासणारानें केवळ हात पाहिला.

ही आमची कल्पना आहे असें कोणी म्हणूं नये. १९८२ सालीं जॉन क्लेमेंट या अमेरिकन संशोधकानें असाच प्रश्न, वर उडविलेल्या नाण्याविषयीं, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस घातला. हे विद्यार्थी कॉलेजांत पोंचलेले. तरी बहुसंख्यांनीं नाण्यावर वरच्या दिशेचें बल दाखविलें. पुढें १९९२ सालीं डेव्हिड हेस्टीनीज व त्यांचे सहकारी यांनीं बल या कल्पनेवर एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यांत आकडेमोड मुळींच नाहीं; प्रत्येक प्रश्नाचीं चुकीचीं उत्तरें मात्र विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या समजुतींवरून बेतलेलीं आहेत. कठीण गणितें सोडविणारे विद्यार्थी या सोप्या दिसणाऱ्या प्रश्नांवर गडगडले. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनीं आपल्या वर्गाला याच जातीचे प्रश्न दिले, तेव्हां एका विद्यार्थ्यानें त्यांनाच विचारलें कीं, उत्तरें तुम्हीं शिकविलें त्याप्रमाणें लिहूं, कीं मला खरोखर जसें वाटतें तसें लिहूं ? या एका प्रश्नांत आमच्या सगळ्या घोकणीचें पंचनाम्यासहित वर्णन आलें आहे. विद्यार्थ्याच्या मनांत दोन वह्या असतात : एक परीक्षेची, एक खरी, आणि आमच्या उजळणीनें पहिलीचीं पानें वाढतात, दुसरी उघडलीहि जात नाहीं.

दुसऱ्या वहीला हात न लागण्याचें एक कारण आमच्या भाषेंत आहे, आणि त्याचा विचार कोणतीहि मार्गदर्शिका करीत नाहीं. बाजारांत आपण वजन किलोंत मोजतों. पुस्तक म्हणतें, किलोग्रॅम हें वस्तुमानाचें एकक, वजनाचें एकक न्यूटन. मूल दोन्ही वाक्यें मान्य करतें आणि दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे हें विसरतें. शंभर ग्रॅमची पुडी तळहातावर ठेवली म्हणजे जो भार जाणवतो तो जवळजवळ एक न्यूटन होय, हें सांगावयास किती वेळ लागतो ? पण ‘बलाचें एकक न्यूटन’ असें शंभर वेळां लिहिलेल्या मुलांपैकीं एक न्यूटन हातास कसा लागतो हें किती जणांस ठाऊक असेल ? ‘बल’, ‘शक्ति’, ‘जोर’, ‘ताकद’ हे शब्द घरांत एकमेकांच्या जागीं बिनदिक्कत वापरले जातात. वर्गांत मात्र बल निराळें आणि शक्ति निराळी. बस एकदम थांबली कीं आपण म्हणतों, ‘पुढें फेंकले गेलों’. कोणीं फेंकलें ? मागून कोणाचाहि हात लागलेला नाहीं. बस थांबली आणि आपण पूर्वीच्याच वेगानें पुढें चाललों होतों, इतकेंच घडलें. पण भाषेनें एक अदृश्य फेंकणारा उभा केला, आणि मुलानें त्याचें नांव जडत्व ठेवलें ! ‘शास्त्रीय कारण द्या’ या प्रश्नाखालीं ‘जडत्वामुळें’ असें लिहिलें कीं दोन गुण मिळतात. पूर्वीं ज्या ठिकाणीं ‘भूतबाधेमुळें’ असें म्हणत तेथें आतां ‘जडत्वामुळें’ असें म्हणावयाचें, यांत विज्ञान कोणतें शिकविलें गेलें ?

तिसऱ्या नियमाची विटंबना तर याहून मोठी आहे. ‘क्रिया’ आणि ‘प्रतिक्रिया’ हे शब्द ऐकतांच आमच्या मनांत आधीं शिवी आणि मागून थप्पड असा क्रम उभा राहतो. वक्ते व्यासपीठावरून या नियमास ‘जशास तसें’चें शास्त्रीय प्रमाणपत्र समजून वापरतात. वस्तुतः या दोन बलांत आधीं-मागें असा भेद नाहीं. दोन्ही एकाच क्षणीं असतात, कोणत्याहि एकास क्रिया म्हणावें. आणि मुख्य गोष्ट, जी घोकणींत हमखास गळते, ती ही कीं, तीं दोन निरनिराळ्या वस्तूंवर असतात. म्हणूनच बैलगाडीचा जुना प्रश्न मुलांस अडवितो : बैल गाडीस जितका ओढतो तितकीच गाडी बैलास मागें ओढते, तर गाडी चालते कशी ? गाडीचा हिशेब करतांना गाडीवरचीं बलें मोजावींत : बैलाची पुढची ओढ आणि जमिनीचा व आंसाचा अडसर. बैलाचा हिशेब करतांना बैलावरचीं मोजावींत : गाडीची मागची ओढ, आणि बैलानें खुरांनीं जमीन मागें रेटली म्हणून जमिनीनें त्याला पुढें दिलेला रेटा. चिखलांत बैल घसरतो तो गाडी जड झाली म्हणून नव्हे. तर जमीन त्याला पुढें रेटीनाशी झाली म्हणून. हा विचार खेड्यांतील ज्या शेतकऱ्यानें गाडीचें चाक चिखलांतून काढलें आहे त्याला सहज पटेल. मार्गदर्शिकेंतील दोन ओळी पाठ केलेल्या मुलास पटत नाहीं, कारण त्याला कोणीं विचारलेंच नाहीं.

टेबलावरच्या पुस्तकाचेंहि तसेंच. पुस्तकाचें वजन ही क्रिया आणि टेबलाचा वरचा रेटा ही तिची प्रतिक्रिया, असें सर्रास शिकविलें जातें. दोन्ही बलें पुस्तकावरच आहेत. तेव्हां ती तिसऱ्या नियमाची जोडी होऊंच शकत नाहीं. तीं समान आहेत तीं पुस्तक स्थिर आहे म्हणून, म्हणजे पहिल्या नियमानें. पृथ्वी पुस्तकास खालीं ओढते याची खरी जोडी ‘पुस्तक पृथ्वीस वर ओढतें’ ही होय. हें ऐकून मूल हंसतें. आणि तें हंसलें कीं समजावें, दुसरी वही उघडली.

आतां पूर्वपक्ष ऐकूं. पहिला आक्षेप पालकांचा : ‘हें सर्व ठीक, पण चाचणींत व्याख्याच विचारतात. गुण मिळूं द्या, समज पुढें येईल.’ या आक्षेपांतील खरें तें आम्ही मान्य करतों. तीन नियम, सातआठ व्याख्या आणि गतीचीं तीन समीकरणें पाठ असलींच पाहिजेत. तें एका संध्याकाळचें काम आहे, तें खुशाल करावें. आमचा वाद उरलेल्या तीन संध्याकाळींविषयीं आहे, ज्या तेंच तें पुन्हां म्हणण्यांत जातात. आणि समज पुढें येईल ती कोठून येईल ? दहावीचें पुस्तक गुरुत्वाकर्षणानें उघडतें. तेथें वजन आणि वस्तुमान यांचा घोळ नव्यानें भरतो. अकरावींत तीच बलें सदिश होऊन येतात. प्रत्येक वर्षीं नवा मजला चढतो आणि तळघरांतला भाडेकरू तसाच राहतो. शेवटीं मूल म्हणतें, ‘फिजिक्स आपल्याला जमत नाहीं’. आणि आम्ही मान हलवून म्हणतों, ‘त्याचा कल तिकडे नाहीं!’

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो आम्ही अधिक आदरानें ऐकतों : ‘वर्गांत साठ मुलें, हातीं पस्तीस मिनिटें, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोठें असते तें देव जाणे, प्रत्येक मुलाच्या मनांत शिरावें तरी कसें?’ शिक्षकांवर टाकलेलें ओझें अन्यायाचें आहे यांत शंका नाहीं. पण हें काम अशक्य आहे हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं सोळा शाळांत एक विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ सालापर्यंत चालला. खेड्यांतल्या सरकारी शाळा, साधीं साधनें, मुलांनीं स्वतः केलेले प्रयोग. आणि परीक्षेस पुस्तक व वही उघडी ठेवण्याची मुभा! पुस्तक समोर असतांना जो प्रश्न विचारावासा वाटतो तोच खरा प्रश्न, हें त्या मंडळींनीं आम्हांस तीस वर्षें दाखविलें; आणि आम्ही तें विसरलों. वर उल्लेखिलेल्या मॅझूर यांनींहि मोठ्या व्याख्यानगृहांतच मार्ग काढला : एक प्रश्न फळ्यावर लिहावा, प्रत्येकानें आपलें उत्तर ठरवावें, मग शेजाऱ्याशीं वाद घालावा, आणि पुन्हां उत्तर द्यावें. याला कपाटाची किल्ली लागत नाहीं. रिचर्ड हेक यांनीं १९९८ सालीं अमेरिकेंतील ६२ अभ्यासवर्ग आणि सहा हजारांहून अधिक विद्यार्थी यांचा हिशेब प्रसिद्ध केला. जेवढी सुधारणा शक्य होती तिच्यापैकीं नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांनीं सरासरी २३ टक्के गांठली. जेथें विद्यार्थी स्वतः विचार व वाद करीत होते तेथें ती ४८ टक्के भरली. म्हणजे दुपटीहून अधिक. घोकणीच्या कैवाऱ्यांनीं आपल्या बाजूचा असा एखादा हिशेब दाखवावा. आम्ही तो आनंदानें छापूं.

तिसरा आक्षेप व्यवहारी गृहस्थांचा : ‘सगळ्यांनाच कोठें शास्त्रज्ञ व्हावयाचें आहे ? पास झालें, संपलें.’ या आक्षेपाचा मात्र आम्हांस मनापासून राग येतो, कारण तो जिवाशीं खेळणारा आहे. जो गृहस्थ नववींत गतीच्या नियमांत उत्तम गुण मिळवून पदवीधर झाला, तोच आज मोटारीच्या पुढच्या आसनावर तान्ह्या मुलास मांडीवर घेऊन बसतो आणि म्हणतो, ‘मी घट्ट धरलें आहे.’ त्यानें पाठ केलेल्या सूत्रानेंच आपण हिशेब मांडूं. मोटारीचा वेग ताशीं ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें १४ मीटर. टक्कर झाली आणि मोटार एक दशांश सेकंदांत थांबली. त्वरण, किंवा येथें मंदन, १४० झालें. मूल दहा किलोग्रॅमचें. त्याला त्याच वेळांत थांबवावयास बल हवें १४०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १४० किलोग्रॅमचें ओझें उचलून धरण्याइतकें. कोणत्या बापाचे हात इतकें ओझें अवचित पेलतील ? बापाची माया कमी पडत नाहीं; त्याचे हात कमी पडतात. मुलाचें खास आसन आणि कमरेचा व खांद्याचा पट्टा यांची गरज सरकारी दंडाच्या भीतीनें पटावयाची नसून पहिल्या नियमानें पटावयाची होती. तीच गोष्ट वेगाची. चाकांचा जमिनीशीं होणारा अडसर तोच धरला तर ताशीं ४० किलोमीटरच्या वेगानें जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर जर १० मीटरांत थांबत असेल, तर ८० च्या वेगाला तिला ४० मीटर लागतात; वेग दुप्पट, अंतर चौपट. हें गतीच्या तिसऱ्या समीकरणांत स्पष्ट लिहिलें आहे. तें समीकरण ज्याला पाठ होतें, त्यानेंच मुलाला दुचाकी घेऊन दिली, आणि शिरस्त्राण आरशाला अडकवून जावयाची मुभाहि दिली. विद्या अंगीं मुरली नाहीं म्हणजे ती कोठें जाते, याचा हा दाखला.

मग उजळणी करावी तरी कशी ? केवळ टीका करून मोकळें होणें आम्हांस आवडत नाहीं. म्हणून चार दिवसांची एक साधी रीत सांगतों. पहिल्या संध्याकाळीं व्याख्या, नियम, समीकरणें पाठ करावींत आणि पुस्तक मिटावें. दुसऱ्या संध्याकाळीं घरांतल्या वडील मंडळींनीं प्रश्न विचारावेत. पण उत्तर सांगूं नये. वर फेंकलेल्या चेंडूवर टोंकाशीं किती बलें आहेत ? सपाट फरशीवरून जड पेटी एकसारख्या वेगानें सरकवीत आहों. आपला रेटा घर्षणाहून मोठा आहे, कीं तितकाच? पावसाचा थेंब दोन किलोमीटर उंचीवरून अडथळ्याशिवाय पडता तर सेकंदास सुमारें २०० मीटर वेगानें डोक्यावर आदळता. प्रत्यक्षांत मोठ्यांतला मोठा थेंबहि सेकंदास नऊएक मीटरच्याच वेगानें येतो, तर वाटेंत काय घडलें? ‘व्हॉयेजर–१’ हें यान १९७७ सालीं सोडलें. तें आज सेकंदास सुमारें १७ किलोमीटर वेगानें सूर्यापासून दूर चाललें आहे. त्याला कोण ढकलीत आहे? मुलानें आपलें उत्तर आधीं कागदावर लिहावें, आणि कां तेंहि लिहावें. चुकलें तर उत्तमच; चूक कागदावर उतरली म्हणजे तिच्याशीं भांडतां येतें.

तिसऱ्या संध्याकाळीं हात चालवावे. पेल्यावर जाड पत्ता, पत्त्यावर रुपया. पत्त्यास टिचकी मारली तर रुपया पेल्यांत पडतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण पत्ता हळूहळू ओढला तर रुपया पत्त्याबरोबर कां जातो, हें किती जणांनीं विचारलें ? जडत्व तर दोन्ही वेळां तेंच होतें. घर्षणाचा ओढा थोडाच, पण तो किती वेळ टिकला याला महत्त्व आहे. टिचकीच्या वेळीं तो क्षणार्धांत संपला. वरवंटा सुतळीनें टांगावा आणि त्याच्या खालच्या अंगाला तीच सुतळी बांधावी. हळूहळू ओढीत जावें तर वरची तुटते, एकदम हिसका द्यावा तर खालची तुटते. पाय मात्र दूर ठेवावे. असा एकेक प्रयोग अर्धा तास वाद पुरवितो, आणि त्या अर्ध्या तासांत जितकें गतिशास्त्र घरांत शिरतें तितकें मार्गदर्शिकेच्या चाळीस पानांत नाहीं. चौथ्या संध्याकाळीं, आणि चौथ्याच, गणितें करावींत. प्रत्येक गणितापूर्वीं वस्तूचें चित्र काढावें आणि तिच्यावरचीं बलें बाणांनीं दाखवावींत. प्रत्येक बाणाजवळ हें बल कोणाकडून आलें तें लिहावें. ज्या बाणाला धनी सांपडत नाहीं तो बाण खोटा. हा एकच नियम मुलानें मनावर घेतला तर वर फेंकलेल्या चेंडूवरील हाताचें बल आणि प्रवाशास पुढें फेंकणारें भूत हीं दोन्ही आपोआप पळतील. त्रिकोणाची तर आठवणहि राहणार नाहीं.

या रीतीनें पहिल्या चाचणींत दोन गुण कमी पडले तर पडूं द्यावेत. घाबरण्याचें कारण नाहीं; तीं परत मिळविण्याचीं साधनें मुलाच्या हातीं आलेलीं असतात. उलट, घोकणीनें मिळविलेले वीसपैकीं वीस गुण दिवाळीपर्यंत टिकत नाहींत हें प्रत्येक पालकास आपल्या घरांतच पाहतां येईल. सुट्टी संपल्यावर मुलास वरचा चेंडूचा प्रश्न एकदां विचारून पाहावा म्हणजे झालें. परीक्षक मंडळींसहि आमची एक विनंती आहे : प्रत्येक चाचणींत निदान एक प्रश्न असा असूं द्या कीं, ज्यांत आकडा नाहीं, व्याख्या नाहीं, आणि ज्याचें उत्तर कोणत्याहि मार्गदर्शिकेंत छापलेलें नाहीं. तो एक प्रश्न आला कीं बाजारांतील पुस्तकें आणि घरांतील सवयी दोन्ही बदलूं लागतील, अशी आमची खात्री आहे. तोंपर्यंत पालकांनीं चाचणीच्या आदल्या रात्रीं ‘किती पाठ झालें ?’ असें विचारणें सोडावें आणि ‘तुला स्वतःला काय वाटतें ?’ असें विचारावें. उत्तर चुकीचें येईल. तें शांतपणें ऐकून घ्यावें आणि पुन्हां विचारावें, ‘कां ?’